जमिनीतला गारवा आणि त्याचा हिशेब

विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार लागते आणि थंडीत कोमट, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पाणी मात्र बाराही महिने जवळपास सारख्याच तापमानाचे असते. बदलतो तो आपल्या भोवतीचा ऋतू. पुण्यातल्या एखाद्या जुन्या आडात थर्मामीटर सोडला तर तो जानेवारीत काय आणि मे महिन्यात काय, पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपासच घुटमळेल. जमीन तापायला आणि निवायला फार आळशी असते. दिवसाच्या उन्हाची लाट माती हात-दोन हातांच्या खोलीतच जिरवून टाकते. उन्हाळा-हिवाळ्याची मोठी लाटसुद्धा आठ-दहा मीटरच्या खाली सहसा पोचत नाही. तिथे उरते ती त्या गावच्या वर्षभराच्या हवेची सरासरी, फार तर तिच्याहून अंश-दोन अंश जास्त.

तळघरे आणि धान्याची पेवे या आळशीपणावरच उभी होती. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांना हौदाखालचे ते मोठे दालन आठवत असेल. डोक्यावर पाण्याचा भलामोठा साठा आणि त्याखाली उन्हाळ्यात वाटसरूंना विसावा. खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत न सोडता पाण्याच्या किंवा मातीच्या हवाली करायची, ही युक्ती जुनीच आहे. नवे आहे ते तिला जोडलेले यंत्र, आणि त्या यंत्राभोवती जमू लागलेल्या अपेक्षा.

या अपेक्षा का वाढताहेत, हे समजून घेण्यासारखे आहे. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. तोवरचा तो उच्चांक होता. उत्तर आणि मध्य भारत त्या आठवड्यात भाजून निघत होता आणि घराघरांतली वातानुकूलन यंत्रे, म्हणजे आपल्या बोलीतले एसी, अखंड चालू होते. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यातला अंदाज असा की, २०१७-१८ च्या तुलनेत पुढच्या वीस वर्षांत देशाची शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल आणि नुसत्या इमारतींची जवळजवळ अकरापट. ही वीज कुठून आणायची हा एक प्रश्न झाला. दुसऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष फारसे जात नाही: खोलीतून उपसलेली उष्णता जाते कुठे?

ती जाते शेजाऱ्याच्या खिडकीशी. एसी गारवा तयार करत नाही, तो फक्त उष्णता आतून उचलून बाहेर टाकतो, आणि टाकताना स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळतो. दीड टनाचे यंत्र पूर्ण जोमात असेल तर बाहेरच्या खोक्यातून सहा किलोवॅटच्या वर उष्णता हवेत जाते. म्हणजे गॅलरीत सहा इस्त्र्या एकदम तापत ठेवाव्यात तसे. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचा अभ्यास करून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेने काही भागांत रात्रीची हवा एक अंशाहून अधिक तापते. ज्याच्याकडे एसी आहे तो गार होतो आणि ज्याच्याकडे नाही त्याची रात्र त्यामुळे थोडी अधिक उकाड्याची होते. सामाजिक न्यायाच्या परिषदांत हा विषय अजून यायचा आहे.

मग ही उष्णता हवेऐवजी जमिनीत टाकली तर? जमिनीशी जोडलेल्या उष्णता-पंपाची कल्पना इतकीच आहे. शंभर-दीडशे मीटर खोल बोअर घ्यायची, तिच्यात प्लॅस्टिकच्या नळीचा एक लांबलचक वेटोळा, खाली जाऊन पुन्हा वर येणारा, सोडायचा, भोवतालची पोकळी खास गाऱ्याने भरून टाकायची आणि नळीतून पाणी फिरवत राहायचे. जमिनीतले पाणी उपसायचे नाही. आपलेच पाणी खाली-वर फिरते. यंत्र खोलीतली उष्णता या पाण्याला देते, पाणी ती खडकाला देते. फायदा कुठे, तर उष्णता-पंपही पाण्याच्या पंपासारखाच असतो. जितकी चढण जास्त तितकी वीज जास्त. खोली २५ अंशांवर ठेवून बाहेरच्या ४३ अंशांच्या हवेत उष्णता ढकलायची म्हणजे मोठी चढण. तीच उष्णता ३०-३२ अंशांच्या पाण्यात सोडायची तर चढण निम्म्यावर येते. ही चढण एका अंशाने कमी झाली की ढोबळमानाने दोन-तीन टक्के वीज वाचते. वातानुकूलनाच्या यंत्रांत आयुष्याची बरीच वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे गणित मोहात पाडणारे वाटते, हे कबूल केले पाहिजे. गेल्या उन्हाळ्यापासून निदान तीन गृहरचना संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला: ‘जमिनीतला हा फुकटचा गारवा आपल्या इमारतीला का आणू नये?’

‘फुकटचा’ या शब्दापाशीच अडायला होते.

आधी एक जवळचा नातेवाईक बाजूला काढतो, कारण त्याची आणि याची नेहमी गल्लत होते. जमिनीत नुसता नळ पुरून त्यातून हवा खेळवायची, ही साधी पद्धत. यात उष्णता-पंप नाहीच. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतले प्राध्यापक गिरजा शरण यांनी तिचा मोठ्या चिकाटीने अभ्यास केला. तीन मीटर खोल पुरलेली, पन्नास मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर व्यासाची लोखंडी नळी. मे महिन्याच्या उन्हात त्या खोलीवरची माती २६.६ अंशांवर होती आणि नळीतून जाणारी तापलेली हवा चौदा अंशांपर्यंत निवत होती. जानेवारीच्या रात्री तीच नळी थंड हवेला जवळपास तितकेच ऊबदार करत होती. हीच युक्ती अहमदाबादच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात वाघाच्या निवाऱ्यासाठी वापरली गेली. वाघाला दरमहा बिल येत नाही, पण महापालिकेला येते!

दिल्लीच्या वेशीवर, ग्वाल पहाडीला ‘टेरी’ या संस्थेच्या प्रशिक्षण संकुलात चार मीटर खोलीवर मोठे हवाई बोगदे बांधून खोल्या गार केल्या गेल्या. मे-जूनच्या कोरड्या उन्हाळ्यात हे सारे उत्तम चालते. अडचण पावसाळ्यात येते. जुलैमध्ये हवा पाण्याने इतकी जड असते की, तिच्यातला दमटपणा काढल्याशिवाय माणसाला बरे वाटत नाही, आणि दमटपणा काढायला हवा पंचवीस अंशांच्या बरीच खाली न्यावी लागते. सव्वीस-सत्तावीस अंशांची माती ते काम कसे करणार? ग्वाल पहाडीलाही पावसाळ्यासाठी वेगळी यंत्रे जोडावी लागली. बोगदे कोरड्या प्रदेशाचे. दमट दिवसांत उष्णता-पंप लागतोच. तो खोली हवी तितकी गार आणि कोरडी करतो आणि उष्णता तेवढी जमिनीत सोडतो.

पण कुठल्या जमिनीत? मुंबई आणि नागपूर ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. दोन्ही शहरांचे वर्षाचे सरासरी तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास. म्हणजे खोलवरची जमीन दोन्हीकडे जवळपास सारखीच, अठ्ठावीसच्या घरातली. पण मे महिन्याची दुपार? मुंबईत सरासरी कमाल तापमान तेहतीस-चौतीस, नागपुरात बेचाळीसच्या वर. मुंबईत जमीन हवेपेक्षा पाच अंशांनी गार, आणि बोअरमधल्या पाण्यात उष्णता सोडू लागलो की ते पाणी स्वतःच चार-पाच अंशांनी चढते. फायदा संपला! नागपुरात मात्र तेच पाणी दुपारच्या हवेपेक्षा दहा अंशांनी गार राहते. उष्ण कटिबंधातले देश म्हणून आपण ज्यांना एका माळेत ओवतो त्यांच्यात हा फरक आहे. समुद्रकाठची, बारमाही एकसारखी हवा असलेली गावे आणि ऋतूंच्या दोन टोकांत झुलणारी आतली गावे यांचे गणित एक नाही. बँकॉकमध्ये चुलालाँगकॉर्न विद्यापीठाने जपानी भूशास्त्रज्ञांच्या साहाय्याने अशा यंत्राच्या चाचण्या केल्या, पण तिथे शहराखाली पाण्याने भरलेला गाळाचा जाड थर आहे. भूजल वाहते असेल तर ते सोडलेली उष्णता थोडी पुढे नेते. दख्खनच्या काळ्या पाषाणात असे वाहते पाणी भेगांमध्ये आणि कुजलेल्या खडकाच्या थरांतच मिळते, तेही सगळीकडे नाही.

आता खरी मेख. स्वीडनमध्ये लाखो घरे अशा बोअरवर चालतात, हे उदाहरण विक्रेते हमखास देतात. स्वीडन हा थंड देश. तिथे हे यंत्र हिवाळाभर जमिनीतून उष्णता काढून घरात आणते. काढलेल्या उष्णतेची भरपाई उन्हाळा करतो. आपल्याकडे आपण फक्त टाकणार, काढणार कोणीच नाही. पेवात दरवर्षी धान्य ओतत राहिले आणि उपसले नाही तर काय होईल? खडकाचे तेच होते, तो भरत जातो.

किती भरतो, याचा मी कागदावर हिशेब केला. वाचकांनीही करून पाहावा, अवघड नाही. दोन बोअरांमध्ये सहा मीटर अंतर ठेवले तर प्रत्येक बोअरच्या वाट्याला सहा मीटर व्यासाचा आणि शंभर मीटर खोल असा खडकाचा खांब येतो. हा सगळा खांब एका अंशाने तापायला साधारण १८०० युनिट उष्णता लागते. (विजेच्या बिलात असते तेच युनिट.) रोज रात्री सहा युनिट वीज खाणारा शयनगृहातला एक एसी चार महिन्यांत ७२० युनिट खातो आणि साधारण ३२०० युनिट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एका एसीने एका उन्हाळ्यात तो खांब पावणेदोन अंशांनी तापवला. एकटा बंगला असेल तर ही उष्णता वर्षभरात आजूबाजूच्या जमिनीत पसरून जाईल, फारसे बिघडणार नाही. पण साठ सदनिकांचा मनोरा अर्ध्या एकरावर उभा असेल तर? अर्ध्या एकरात सहा-सहा मीटरवर छप्पन-सत्तावन्न बोअर बसतात. इमारतीच्या पायाखालची जागा धरूनसुद्धा. मधल्या बोअरची उष्णता जाणार कुठे, भोवती तशाच तापलेल्या बोअर आहेत. दहा वर्षांत तिथला खडक दहा-पंधरा अंशांनी चढला तर ती जमीन मे महिन्याच्या हवेइतकी झाली. आणि हा हिशेब प्रत्येक घरात एकच एसी धरून केला आहे. इमारतीला मजले चढतात, चटईक्षेत्र वाढवून मिळते. तिच्याखालची जमीन मात्र एकमजलीच राहते.

हे कागदी भय नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या स्टॉकटन महाविद्यालयात १९९४ साली प्रत्येकी सुमारे १३० मीटर खोलीच्या ४०० बोअर घेऊन सबंध संकुल जमिनीला जोडले गेले. तो प्रकल्प त्या काळी फार गाजला. न्यू जर्सीत बर्फ पडतो, तरीही संकुलाला गारव्याची गरज उबेपेक्षा जास्त होती, आणि वर्षागणिक जमीन तापत गेली. तिथल्याच अभ्यासकांनी २००६ साली या सततच्या तापण्यावर निबंध वाचला. पुढे तिथे हिवाळ्यातली थंडी भूजलात साठवून ठेवणारी निराळी व्यवस्थाही उभारली गेली.

त्याहून बोलके उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेचे. १९०० च्या सुमारास हे खोल बोगदे खणले गेले तेव्हा भोवतालची चिकणमाती चौदा अंशांवर होती. उन्हाळ्यात गारवा हवा असेल तर भुयारी गाडीने प्रवास करा, अशा जाहिराती तेव्हा केल्या जात. शंभर वर्षे गाड्यांचे ब्रेक, मोटारी आणि माणसे त्या मातीत उष्णता ओतत राहिली. आज तीच माती एकोणीस ते सव्वीस अंशांवर आहे आणि लंडनकर उन्हाळ्यात त्या बोगद्यांत घामाघूम होतात. एक मात्र केले त्यांनी. इस्लिंग्टन भागात बनहिल येथे २०२० पासून एका जुन्या बोगद्याच्या हवेतली उष्णता उपसून जवळच्या घरांना ऊब आणि गरम पाणी पुरवले जाते. पेव भरले आहे ना, मग उपसा!

तेव्हा हा सगळा नाद सोडून द्यावा, असे मी म्हणत नाही. उष्ण आणि दमट प्रदेशातला एक यशस्वी प्रयोग डोळ्यांआड करता येत नाही. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात फोर्ट पोक येथे लष्कराची मोठी वसाहत आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या ४००३ कुटुंबांची घरे एकाच वेळी अशा उष्णता-पंपांवर आणली गेली. एवढ्या प्रमाणावर मोजमाप झालेले उदाहरण दुसरे क्वचितच असेल. वसाहतीची वीज ३३ टक्क्यांनी उतरली आणि उन्हाळ्यातली कमाल मागणी तर ४३ टक्क्यांनी. त्यातला काही वाटा बदललेल्या दिव्यांचा होता हे खरे, पण मोठा वाटा जमिनीचाच. तिथे हे का जमले? घरे बुटकी आणि पसरलेली, तिथे हिवाळ्यात ऊबही लागते, आणि बहुतेक घरांत टाकाऊ उष्णतेवर आंघोळीचे पाणी तापवण्याची सोय केलेली. म्हणजे जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू तिथे होत्या.

आपल्याकडे खर्चाची बाजू उभी करता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

आंघोळीचे पाणी प्रथम डोळ्यांसमोर येते. चौघांच्या कुटुंबाला रोज शंभर लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचे तर सव्वादोन युनिट उष्णता लागते; वर्षाची सात-आठशे. त्यातली पाचेकशे जमिनीतून काढता येईल. टाकली ३२०० आणि काढली ५००. घरगुती आंघोळीने हा हिशेब जुळत नाही. रुग्णालय, वसतिगृह, हॉटेल, दूध संघ यांचे मात्र वेगळे. तिथे गरम पाणी बारा महिने, टाक्याच्या टाक्या लागते. वसतिगृहाची तर गंमतच आहे: जूनपासून मार्चपर्यंत शेकडो मुले गरम पाण्याने आंघोळ करतात आणि ऐन मे महिन्यात वसतिगृह ओस पडते. उष्णता काढण्याचे महिने अधिक, टाकण्याचे कमी.

दुसरा मार्ग हिवाळ्याच्या रात्रींचा. नागपूरची जानेवारीतली रात्र सरासरी बारा-तेरा अंशांवर उतरते, विदर्भ-मराठवाडा-खानदेशात सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत रात्री नुसता पाण्याचा पंप आणि एक पंखा चालवून बोअरमधले पाणी थंड हवेत फिरवायचे आणि पुन्हा खाली सोडायचे. उन्हाळ्याने बत्तीस अंशांवर नेलेला खडक वसंतापर्यंत पूर्वपदावर येऊ शकतो. त्याला मोठे यंत्र लागत नाही, लागते ते रोज रात्री तो पंप चालवणारे आणि आकडे वहीत लिहून ठेवणारे माणूस. (आपल्या सार्वजनिक इमारतींत यंत्रापेक्षा हा माणूस दुर्मिळ आहे, हे वेगळे सांगायला नको.) मुंबई-रत्नागिरीकडे अशा थंड रात्री नाहीत, तेव्हा कोकणपट्टीला ही वाटही बंद.

तिसरी गोष्ट सहसा कोणी विचारातच घेत नाही. नागपुरात मे महिन्याची रात्रही अठ्ठावीस अंशांच्या खाली जात नाही, पण वरही फारशी राहत नाही. म्हणजे पहाटेची हवा आणि बोअरमधले पाणी यांत फरकच उरत नाही. शयनगृहातला एसी रात्री चालतो. त्याच्यासाठी बोअर खणणे म्हणजे पैसे जमिनीत पुरणे. दुपारी चालणाऱ्या यंत्राला मात्र दहा अंशांची उतरण मिळते. दुपारी कोण गार करते? रुग्णालये, कचेऱ्या, बँका, न्यायालये, प्रयोगशाळा. सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना मी नको म्हणालो ते यामुळे. आणि परभणीकडच्या एका डॉक्टरांनी तीस खाटांच्या नव्या दुमजली रुग्णालयाचा नकाशा पुढे ठेवला तेव्हा हो म्हणालो तेही यामुळेच. मोकळे आवार, दिवसाचे काम, चादरी धुण्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत गरम पाण्याची गरज. त्यांना एवढेच सांगितले की, आधी गच्चीला पांढरा रंग द्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर सज्जे काढा. त्यानंतर जेवढी उष्णता उरेल तेवढ्यासाठीच बोअर मोजा. उलट क्रमाने गेलात तर उन्हासाठीच बोअर खणाल.

यावर विदर्भातला माणूस हमखास म्हणेल, ‘आमचा कूलर काय वाईट आहे?’ मुळीच नाही. कोरड्या मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यातून आलेली हवा जमिनीपेक्षाही गार असते. विजेच्या हिशेबात कूलरला तोड नाही. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनातही पाण्याचे मनोरे हेच करतात, पाण्याची वाफ करून उष्णता उडवतात. पण ते पाणी परत मिळत नाही. शंभर टनांच्या संयंत्राला पूर्ण भार असताना तासाला सहाशे लिटरच्या वर पाणी नुसते वाफ होऊन जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे मराठवाडा विसरलेला नाही. ज्या महिन्यात गारवा सर्वांत जास्त हवा, त्याच महिन्यात नळाला पाणी नसते. जमिनीशी जोडलेले यंत्र पाणी खात नाही. माझ्या मते आपल्याकडे त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा विजेपेक्षाही हाच आहे, आणि नेमका तोच विक्रीच्या पत्रकांत दिसत नाही.

बोअर खणण्याची कला आपल्याला नवी नाही. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडचे बोअरवाले आपल्या गाड्या घेऊन देशभर फिरतात, आणि पाण्यासाठी महाराष्ट्राच्या पाषाणाची चाळण झालेलीच आहे. तरी पाण्याची बोअर आणि उष्णतेची बोअर यांत फरक आहे. उष्णतेच्या बोअरमध्ये नळी आणि खडक यांच्यात पोकळी राहिली तर सगळा खर्च वाया. हवेइतका वाईट उष्णतावाहक दुसरा नाही. शिवाय पोकळी नीट न बुजवल्यास वरचे घाण पाणी थेट खालच्या स्वच्छ थरांत उतरते. शेजारच्या विहिरीचे नुकसान करून आपले घर गार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घातले, ते पाण्याचा उपसा रोखण्यासाठी. पाणी न उपसणारी बोअर त्या वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते. आता अशा बोअरसाठी वेगळे नियम लागतील: दोन बोअरांतले अंतर, गाऱ्याचा दर्जा, शेजाऱ्याच्या हद्दीपासूनची दूरी आणि एका भूखंडात वर्षाला किती उष्णता सोडायची याची मर्यादा. ही मर्यादा आज विचित्र वाटेल. विहिरीतून किती पाणी उपसावे याची मर्यादाही पन्नास वर्षांपूर्वी विचित्रच वाटली असती.

सुरुवात करायची तर ती सरकारी इमारतींपासून करावी. विदर्भ-मराठवाड्यातले एखादे जिल्हा रुग्णालय किंवा मुलींचे वसतिगृह निवडावे. आधी एकच बोअर घ्यावी. तिच्यात दोन-तीन दिवस ठरावीक प्रमाणात गरम पाणी फिरवून खडक किती वेगाने उष्णता शोषतो ते मोजावे. ही चाचणी जगभर रूढ आहे आणि तिच्याविना केलेला कोणताही प्रस्ताव मी वाचायलाही घेणार नाही. आकडे पटले तरच बाकीच्या बोअर घ्याव्यात. आणि त्यांतल्या एका बोअरमध्ये, अगदी मधल्या, कायमचा तापमापक सोडून ठेवावा. दर वर्षी ३१ मार्चला, उन्हाळा पेटण्यापूर्वी, त्याचा आकडा इमारतीच्या दारावर फळ्यावर लिहावा. आकडा दोन वर्षे सारखा राहिला तर पुढच्या रुग्णालयाचे काम हाती घ्यावे. चढत गेला तर पहिल्याच रुग्णालयात हिवाळ्यातला पंप कोणी आणि का बंद ठेवला, याची चौकशी करावी.